वीस मुलांची शाळा : पटसंख्येचा एक छोटा इतिहास



आजचा विषय तसा आयत्या वेळी ठरलेला आहे. खरं तर मी ज्ञानमीमांसेवर बोलणार होतो आणि संयोजकांनी तशी जाहिरातही केली होती. पण गेल्या महिन्यात गावाकडून फोन आला आणि माझं चित्त त्यातून निघेना. मी ज्या वाडीत पहिली ते चौथी शिकलो, तिथल्या शाळेत यंदा सात मुलं उरली आहेत. शाळा बंद करून ती मुलं खालच्या गावातल्या शाळेत न्यायची का, असं ग्रामसभेपुढे आलंय. फोनवर भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही शिकलेले. तुम्ही या आणि सांगा काय करायचं ते." मी जायचं कबूल केलं. म्हणजे आज तुमच्यासमोर बोलतोय ती माझी रंगीत तालीम समजा. मी इतिहासाचा माणूस नाही, तत्त्वज्ञानाचा आहे. पण या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो माहीत नसेल तर ग्रामसभेत नुसतीच भावनिक भाषणं होतात.

शब्दापासून सुरुवात करू. पट म्हणजे हजेरीपट. पटावर नाव असलेला तो विद्यार्थी. पटसंख्या हा मूळचा मास्तरांच्या कपाटातला शब्द, पण आज तो थेट मंत्रालयात जाऊन बसलाय. पट वीसच्या खाली गेला की शाळा 'कमी पटाची', दहाच्या खाली गेला की धोक्यात. आता तर्कशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला इथे एक जुना ग्रीक पेच आठवतोच. युब्युलिडीजच्या नावावर तो सांगितला जातो. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग ढीगच राहतो. आणखी एक काढला तरी राहतो. मग ढीग नाहीसा कितव्या दाण्याला होतो? एकवीस मुलं असताना शाळा होती, वीस असतानाही होती, एकोणीस झाल्यावर नेमकं काय गेलं? मी हे माझ्या भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, ग्रामसभेत हे नका सांगू." (हशा)

बरं, तो वीसचा आकडा लक्षात ठेवा.

इंग्रजांचं राज्य आलं तेव्हा आपल्याकडे शाळा नव्हत्या असं एक पिढी शिकली. गावोगाव शाळा होत्या आणि सगळं छान होतं असं दुसरी पिढी शिकली. दोन्ही अर्धवट आहेत. मुंबई सरकारच्या कौन्सिलात प्रेंडरगास्ट नावाचे एक सभासद होते. लहानमोठ्या अशा क्वचितच एखाद्या गावात शाळा नसेल, असं त्यांनी १८२१ मध्ये नोंदवून ठेवलंय. धरमपाल यांच्या पुस्तकामुळे ते पुष्कळांना ठाऊक झालं. एल्फिन्स्टनसाहेबांनीही शिक्षणावर टिपण लिहिलं आणि त्या दशकात इलाख्यातल्या शाळांची मोजदाद झाली. १८२९ च्या सुमाराचे आकडे सांगतो : सुमारे १,७०० शाळा आणि सुमारे ३५,००० विद्यार्थी. भागाकार करून बघा. शाळेमागे वीस मुलं!

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यातली सरासरी शाळा जेवढी होती, तेवढी शाळा आज आपल्याला 'कमी पटाची' वाटते. ही शाळा कशी होती? कुणाच्या तरी ओसरीवर नाहीतर देवळात पंतोजी बसलेले. धूळपाटी, उजळणी, पावकी-निमकी-पाऊणकी, मोडी अक्षर. सगळी मुलं एकत्रच, मोठा मुलगा धाकट्याला घोकून घेणार. पंतोजींना मोबदला धान्याचा, सणासुदीच्या शिध्याचा, थोडाफार पैशांचा. पंतोजी गाव सोडून गेले की शाळाही गेली. आणि ही शाळा कुणासाठी होती? मुली नाहीत. महार-मांगांची मुलं नाहीत. कुणब्याचं पोर क्वचित. म्हणून 'आमच्याकडे गावोगाव शाळा होत्या' असं कुणी छाती फुगवून म्हणालं की मी विचारतो, गाव म्हणजे कोण?

१८५४ चा वुडचा खलिता, १८५५ मध्ये शिक्षण खातं, हे तुम्ही शाळेत पाठ केलेलं आहे, तिथे थांबत नाही. थांबायचं ते पैशापाशी. साठीच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आण्याची जादा पट्टी बसली. तिला लोकल फंड म्हणत. तिच्यातला एक हिस्सा शिक्षणासाठी होता. म्हणजे खेड्यातली शाळा कुणाच्या दयेवर उभी राहिली नाही. ती शेतकऱ्याच्या आण्यावर उभी राहिली. 'आम्ही तुम्हाला शाळा देतो' ही भाषा सरकारची असते, हिशेबाची वही वेगळं बोलते.

आणि ही वही ज्यानं भर चौकात उघडून दाखवली ते महात्मा फुले. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिलं, ते मी दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाचतो. मुलींची पहिली शाळा, भिडेवाडा, १८४८ हे आपण सगळे सांगतो. तिथे सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच मुली होत्या, आजचा नियम लावला असता तर ती शाळा बंद झाली असती, असंही भाषणांत ऐकू येतं. टाळ्या मिळवायला ते बरं आहे. पण तो युक्तिवाद मला कच्चा वाटतो, कारण सुरू होणारी शाळा आणि आटत चाललेली शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुल्यांचा खरा युक्तिवाद या निवेदनात आहे.

ते काय म्हणतात? सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वरच्या शिक्षणाकडे वाहतो. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. शिक्षकाला महिना बारा रुपयांहून कमी देऊ नका. आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला घ्या, नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाज वाटणार नाही असा. अस्पृश्यांच्या मुलांना जिथे इतरांसोबत बसू दिलं जात नाही, तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा, असंही ते म्हणतात. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

पण सगळ्यात मला थांबवतो तो एक मुद्दा. त्या काळी शाळांना अनुदान देण्याची एक पद्धत होती, निकालावर अनुदान. जेवढी मुलं पास, तेवढा पैसा. ऐकायला किती रास्त वाटतं! फुले म्हणाले, ही पद्धत गरीब आणि अडाणी ठेवलेल्या लोकांत चालणार नाही, कारण त्यांच्यात शिक्षणाची गोडीच अजून उत्पन्न झालेली नाही. नीट बघा हं यात काय आहे ते. मागणी आहे तिथे पुरवठा करा हा बाजाराचा नियम झाला. फुले म्हणतात, शिक्षणात उलटं आहे. आधी शाळा जाऊन बसली पाहिजे, मागणी तिच्या सावलीत वाढते. पटसंख्येवर शाळा चालवणं ही निकालावर अनुदान देण्याच्या पद्धतीचीच धाकटी बहीण आहे. जिथे मुलं भरपूर येतात तिथे शाळा टिकवायची, जिथे कमी येतात तिथून काढून घ्यायची. म्हणजे ज्याला गरज जास्त, त्याच्याकडून आधी.

पुढचा टप्पा झरझर सांगतो. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात आधी १८९३ ला अमरेलीत प्रयोग म्हणून आणि मग १९०६ ला संस्थानभर सक्तीचं शिक्षण आणलं. गोखल्यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात विधेयक मांडलं, पुढच्या वर्षी ते पडलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात हुकूम काढला आणि मुलं न पाठवणाऱ्या पालकांना दंडही ठेवला. मग मुंबई इलाख्यात १९२३ चा कायदा आला आणि प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या ताब्यात गेल्या. जुनी माणसं अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात ते त्यामुळे.

मी बोर्डाच्याच शाळेत गेलो. १९५८ साल. एक खोली, एक मास्तर, चार इयत्ता. मास्तर एका इयत्तेला गणित घालायचे, दुसरीला शुद्धलेखन, तिसरीला भूगोलाचा नकाशा, आणि पहिलीतली आम्ही पोरं चौथीतल्या कुणाच्या तरी ताब्यात. शेणानं जमीन सारवायची पाळी मुलींवर, पाणी आणायची मुलांवर. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. मी तेव्हा चौथीतून सुटत होतो. दारावरची पाटी बदलली, खोली तीच राहिली.

या एकशिक्षकी शाळेकडे विद्वानांनी फारसं पाहिलं नाही. अपवाद जे. पी. नाईक यांचा. कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करणारे, पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. पन्नासच्या दशकात त्यांनी एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र लिखाण केलं. भारतासारख्या विखुरलेल्या वस्तीच्या देशात ही शाळा राहणारच आहे, तेव्हा तिला तात्पुरती अडचण न मानता ती चांगली कशी चालेल ते बघा, अशी त्यांची दिशा होती. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये 'शाळा-समूहा'ची कल्पना मांडली. एक माध्यमिक शाळा, तिच्या भोवतीच्या प्राथमिक शाळा, सगळ्यांनी मिळून प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षक वाटून घ्यायचे. हे कुटुंब होतं. कुटुंबात धाकटा भाऊ घरातच राहतो. ही कल्पना ध्यानात असू द्या, कारण पुढे तिचं नाव राहिलं आणि अर्थ पालटला.

१९८६ च्या धोरणानंतर 'खडू-फळा मोहीम' आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक. आमच्या वाडीला दुसरी खोली आणि दुसरे गुरुजी त्यानंतर मिळाले. पुढे सर्व शिक्षा अभियानाच्या सुमारास महाराष्ट्रात वस्तीशाळा निघाल्या. धनगरवाडा, पाडा, तांडा, शेतमळ्यातली वस्ती, जिथे जेवढी मुलं तिथे शाळा. शिकवणारे त्याच वस्तीतले तरुण-तरुणी, तुटपुंज्या मानधनावर. १८८२ मधलं फुल्यांचं म्हणणं अमलात यायला सव्वाशे वर्षं लागली, आणि तेही निम्म्या पगारात. तरी आलं. मग २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, आणि पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत, असं ठरलं. दोनशे वर्षांत शाळा मुलाच्या दिशेनं चालत आली होती ती इथपर्यंत.

आणि त्याच दशकात ती मागे फिरली.

का फिरली? शासन दुष्ट आहे म्हणून, असं म्हणणं सोपं आहे. कारणं खरी आहेत. एक, मुलंच कमी जन्माला येतात. महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या पाहणीतच बाईमागे १.७ वर आला होता, आणि ते शिक्षणाचंच फळ आहे हे विसरू नका. दोन, माणसं मुंबई-पुण्याला गेली. तीन, तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आता वाडीच्या फाट्यापर्यंत येते. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला आणि या शाळांची वाट मोकळी झाली. ज्याच्या हातात चार पैसे आले त्यानं मूल तिकडे घातलं. मागे राहिली ती ऊसतोडीला जाणाऱ्यांची, मजुरांची, आजीजवळ ठेवलेली मुलं.

त्यात पटाची अब्रू गेली ती २०११ मध्ये. ऑक्टोबरच्या ३ ते ५ तारखांना राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, आणि कागदावर असलेली पण वर्गात नसलेली मुलं ढिगानं सापडली. शिक्षकपद पटावर, अनुदान पटावर, म्हणून पट फुगवलेला. आकड्यावर पोट ठेवलं की आकडा खोटं बोलायला शिकतो. या पडताळणीनंतर छोट्या शाळेकडे बघायची नजरच संशयाची झाली, आणि गंमत अशी की फुगवलेला पट बहुधा मोठाच असतो. सात मुलांच्या शाळेत आठवं खोटं मूल लपवायला जागा नसते.

२०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत हलवायचा निर्णय राज्यात जाहीर झाला. मोठा गदारोळ झाला. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली, तेव्हा आकडा निघाला सुमारे १५,००० शाळा आणि १.८५ लाखांच्या आसपास मुलं. म्हणजे शाळेमागे साधारण बारा-तेरा मुलं, आणि बहुतेक ठिकाणी दोन शिक्षक. २०२३ मध्ये 'समूह शाळा' हा शब्द आला. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. छोट्या शाळांतली मुलं वाहनानं एका मोठ्या, सुसज्ज शाळेत आणायची. कोठारींच्या समूहात शाळा जागेवर राहून एकमेकींना धरत होत्या. या समूहात एक उरते.

हे आपल्याकडेच चाललंय असं नाही. राजस्थानात २०१४ मध्ये सुमारे १७,००० शाळा एकमेकींत विलीन केल्या. केरळात अशा शाळांना सरकारी भाषेत 'अनइकॉनॉमिक' म्हणतात. मला त्या शब्दाचा राग येतो, पण तो प्रामाणिक आहे. अमेरिकेत तर हा शंभर वर्षांचा खेळ. तिथे १९३० च्या सुमारास एकशिक्षकी शाळा जवळजवळ दीड लाख होत्या, १९७० पर्यंत दोन हजारांच्या आत आल्या. शाळा चालवणारे स्थानिक जिल्हे, स्कूल डिस्ट्रिक्ट, सव्वा लाखांवरून आज तेरा हजारांच्या घरात आलेत. स्टॅनफर्डचे कबर्ली हे त्या एकत्रीकरणाचे मोठे पुरस्कर्ते. खेड्यातल्या तीन अडाणी विश्वस्तांच्या हातून शाळा काढून तज्ज्ञांच्या हाती द्या, असा त्यांचा सूर. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण एक फरक बघा. तिथे आधी रस्ता आणि बस आली. १९३९ मध्ये स्कूल बस कशी असावी आणि तिचा पिवळा रंग कोणता हे ठरवायला परिषद भरली होती! आपल्याकडे शाळा आधी जाते आणि बस 'प्रस्तावित' असते.

आता दुसरी बाजू, आणि ही मला मनापासून मांडायची आहे. सात मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. तिसरीत एकटीच मुलगी असेल तर तिचं उत्तर बरोबर की चूक हे ताडून बघायला दुसरं कुणी नाही. दोन शिक्षकांपैकी एक कायम माहिती भरायला तालुक्याला. बहुवर्ग अध्यापन चांगलं होऊ शकतं, आंध्रातल्या ऋषी व्हॅलीनं त्याची साधनं तयार करून दाखवली. पण ते करायला मास्तरला कुणी शिकवलेलं असावं लागतं. आणि तो जातीचा मुद्दा. शाळा छोटी का आहे? कारण वस्ती वेगळी आहे. वस्ती वेगळी का आहे? कारण तिला वेगळं ठेवलं होतं. मग गावातल्या शाळेत सगळ्या आळ्यांची मुलं एका बाकावर येणार असतील, तर त्या बदलाला माझ्यासारख्यानं कुठल्या तोंडानं विरोध करायचा? फुल्यांनी वेगळ्या शाळा मागितल्या त्या, एकत्र बसू देत नव्हते म्हणून. प्रश्न एवढाच की आज बसू देतील का. आणि ते त्या गावात जाऊन बघावं लागतं, मंत्रालयातून दिसत नाही.

इथे मला एक सांगायचं आहे, ते मी जाहीरपणे कधी बोललेलो नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी एका अभ्यासगटावर होतो. नाव सांगत नाही. दोन शाळा, मधे दोन किलोमीटरसुद्धा नाहीत, एकीचा पट अकरा. आम्ही एकत्रीकरणाची शिफारस केली. 'भौगोलिक अंतर नगण्य आहे' हे त्या अहवालातलं वाक्य माझं. मी उन्हाळ्यात गेलो होतो. मधला ओढा कोरडा होता, मी बुटासकट चालत ओलांडला. दोन वर्षांनी त्याच भागात एका लग्नाला गेलो तेव्हा कळलं, मुलगे जातात, चार मुलींपैकी दोघी पहिल्याच पावसाळ्यात घरी बसल्या. एकीची आई मला ओळखत नव्हती. ती सहज म्हणाली, "ओढ्याला पाणी आलं की पोरीला कोण सोडायचं? तिचा बा कामावर, मी कामावर." मी काही बोललो नाही. जेवून आलो.

म्हणून मी आता सरासरीला भितो. अंतर किती, हा प्रश्न अपुरा आहे. कुठल्या महिन्यात, कुणाच्या पायांनी, सोबत कोण, हे विचारल्याशिवाय किलोमीटर म्हणजे नुसता आकडा.

तर रविवारी ग्रामसभेत मी काय सांगणार? शाळा टिकवा असं डोळे झाकून नाही सांगणार. मी तीन-चार गोष्टी विचारणार आहे. गाडी येणार असेल तर तिचे पैसे कोणत्या खात्यातून आणि किती वर्षं? जुलैत आपण सगळ्यांनी एकदा सात मुलांबरोबर खालच्या गावापर्यंत चालत जायचं का, ठराव करायच्या आधी? पहिली-दुसरी वाडीत ठेवून वरचे वर्ग खाली नेता येतात का? तेवढ्यासाठी एक शिक्षक मागता येईल. आणि खोलीचं काय? कुलूप लागलं की तीन पावसाळ्यांत कौलं जातात, हे मी शेजारच्या वाडीत बघितलंय.

भाच्याला काल हे फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, सातांतली दोन पोरं दिवाळीनंतर कारखान्याला जाणार आहेत, ऊसतोडीला, आईबापांबरोबर. म्हणजे पाचच धरा." मी वहीत सातावर काट मारली नाही. मार्चअखेर ती परत येतात.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. ज्ञानमीमांसा पुढच्या महिन्यात.